'रोज' नावाची लाँच

ओहोटी लागली की शेवरबेटाच्या धक्क्याखालचं पाणी निघून जातं आणि लाँच गाळात टेकते. टेकली की एका अंगाला जराशी कलते. त्या कलत्या फळीवर, इंजनाच्या पेटीच्या सावलीत, गोमाजी तांडेल उशाला लाइफ जॅकेट घेऊन आडवा होतो आणि पाणी परत येईपर्यंत झोपतो. बेटावर त्याचं घर आहे, घरात पंखा आहे, पण बायको गेल्यापासून त्या पंख्याखाली त्याला दुपारची झोप लागत नाही. मुलगा पनवेलला, त्याचा फोन रविवारी. इथे निदान चिखलात खेकड्यांची चुळबुळ तरी कानावर येते.

आज मात्र झोप डोळ्यांपर्यंत येते आणि परत फिरते. लाँचीच्या नाळेला, पार पुढच्या टोकाला, झावळीचं हिरवं पातं बांधलं आहे. ते वाऱ्यावर सळसळतं आणि त्या आवाजाला त्याचे कान सरावलेले नाहीत. बेटावर कोणी मोठं माणूस गेलं की होड्या पाण्यात जात नाहीत, आणि प्रत्येक होडीच्या नाळेला माडाच्या झावळीची दोन पाती एकत्र वळून बांधतात. ते सुतकाचं पातं. ते बांधलेली होडी कोणी सोडत नाही. लाँचीला ते आजवर एकदाच लागलं होतं, गेल्या वर्षी, बेटाचे जुने सरपंच धाकूअण्णा गेले तेव्हा. आज दुसऱ्यांदा.

पातं घेऊन सरपंच स्वतः आला होता. प्रमोद. पोरगा वाईट नाही, अण्णांच्याच हाताखाली तयार झालेला. अण्णांचं नाव निघालं की त्याचे डोळे अजून भरून येतात, आणि ते नाटक नाही.

"गोमाजीकाका, उद्या अण्णांचं वर्ष," तो म्हणाला. "पुतळ्याला हार, भजन, दुपारी जेवण. लाँच बंद, सगळ्या होड्या बंद. अण्णांसाठी बेट एक दिवस थांबलं नाही, तर कुणासाठी थांबायचं?"

गोमाजीने पातं घेतलं आणि बांधलं. तो बोलतोच कमी. जे काय बोलायचं ते बावीस वर्षं एकाच माणसाशी बोलत आला होता आणि तो माणूस आता अर्धपुतळा होऊन ग्रामपंचायतीच्या दारात फडक्याखाली उभा आहे.

उशाशी औषधाचं पुडकं आहे. सकाळच्या फेरीत खोरबंदरच्या औषधवाल्याने दिलेलं, सुगंधाबाईचं. सुगंधाबाईला अर्धांगवायू झालाय, तिची मुलगी दीक्षिता चार वाजता पुडकं न्यायला येईल. दीक्षिताचा उद्या बारावीचा जीवशास्त्राचा पेपर आहे, खोरबंदरला, अकरा वाजता. गेल्या वर्षीचा तोच पेपर तिचा बुडला, कारण त्या दिवशी लाँच बंद होती. जुलैच्या फेरपरीक्षेला होड्यांवर पावसाळ्याची सरकारी बंदी. आता पुन्हा फेब्रुवारी. परीक्षा दरवर्षी त्याच पंधरवड्यात येते आणि अण्णांची पुण्यतिथीही आता दरवर्षी त्याच पंधरवड्यात येणार, त्याला कोण काय करणार? आजच पलीकडे जाऊन राहायचं म्हटलं, तर तिचं तिकडे कोणी नाही, आणि आईला रात्री कुशीवर वळवायला दुसरं माणूस नाही.

ती पुडकं घेईल, नाळेकडे बघेल आणि काही विचारणार नाही. गोमाजीला भीती त्याचीच आहे. तिने भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं.

डोळे जड होतात. बेटावर सगळ्यांच्या स्वप्नात अण्णा येतात, असं सगळे सांगतात. प्रमोदला चार वेळा आले. पारूआत्येच्या स्वप्नात येऊन त्यांनी म्हणे कोंबड्यांच्या रोगावर औषध सांगितलं. गोमाजीकडे वर्षभरात एकदाही नाहीत. सळसळ थोडी लांब जाते. खेकडे गप्प होतात. आणि धक्क्याच्या पायरीवर कोणीतरी चपला एकमेकींवर आपटून चिखल झाडतं.

"काय रं गोम्या, तळातलं पाणी उपसलंस का?"

गोमाजी डोळे उघडत नाही. उघडले तर आवाज जाईल, एवढं त्याला झोपेतही कळतं.

"उपसलं, अण्णा."

"खोटं बोलतोस. माझी टाच भिजली."

मग तो डोळे उघडतो, किंवा न उघडताच त्याला दिसायला लागतं. अण्णा आत आलेले आहेत. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, काखेत छत्री, डाव्या हातात चपला. बावीस वर्षं पहिल्या फेरीला ते असेच चढायचे. लाँचीच्या तळात कायम दोन बोटं पाणी, म्हणून चपला एका दोरीने बांधून इंजनाच्या पेटीवरच्या खिळ्याला टांगायच्या आणि अनवाणी बसायचं. मग खोरबंदर येईपर्यंत पंचवीस मिनिटं दरबार. कुणाची पेन्शन अडली, कुणाच्या घरावर माड पडला, कुणाच्या सुनेने रॉकेल ओतून घेईन म्हटलं. ग्रामपंचायतीत खुर्ची होती, पण तिच्यावर अण्णा कमी बसले. इंजनापाशी बसायचे, कारण तिथे आवाज इतका असतो की बोलणाऱ्याची लाज झाकली जाते.

आत्ताही अण्णा खिळ्यापाशी उभे राहून वाकून बघतात.

"दोरी कुठं गेली माझी?"

"ती नेली, अण्णा. पंचायतीत काचेचं कपाट केलंय. दोरी त्यात ठेवलीय. चपला पण."

"मग ह्या कुठल्या?"

अण्णा हातातल्या चपलांकडे बघतात, गोमाजीही बघतो.

"असतील कुणाच्या तरी," अण्णा म्हणतात आणि नाळेकडे चालायला लागतात. लाँच आठ-नऊ पावलांची, पण त्यांना तिथे पोहोचायला बराच वेळ लागतो. ते लहान होत जातात, मग परत मोठे होत येतात, आणि त्यांच्या हातात झावळीचं पातं असतं.

"हे कुणाचं?"

गोमाजी खाली बघतो. "तुमचंच."

"माझंच ना? मग मी घेतो."

अण्णा डावखुरे. त्यांची गाठ नेहमी उलट्या पिळाची पडायची. बेटावर दुसऱ्या कोणाला ती घालता यायची नाही आणि सोडवताही यायची नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांनी ते पातं चपलांच्या जोडीभोवती वळवतात, पिळतात, खाली ओढतात आणि जोडी खिळ्याला टांगतात. मग आपल्या जागेवर बसून पाय लांब करतात. वर्षभर त्या जागी कोणी बसलेलं नाही. लोक तिथे फूल ठेवतात, नमस्कार करतात आणि पलीकडे दाटीवाटीने उभे राहतात.

लाँच चाललेली आहे. कधी सुटली ते गोमाजीला ठाऊक नाही. खाली अजून गाळच आहे, पाणी नाही, पण बेट मागे सरकतंय आणि इंजन कसलाही आवाज करत नाही. सुकाणू त्याच्या हातात आहे आणि ते वजनाला अगदी हलकं लागतंय.

"वरीस झालं," गोमाजी म्हणतो. त्याचा आवाज त्यालाच तक्रारीचा वाटतो, आणि आहेच तो तक्रारीचा. "सगळ्यांकडं गेलात. पारूआत्येच्या कोंबड्यांपर्यंत गेलात. माझ्याकडं एकदा यायचं."

"मला कोंबडीतलं काय कळतंय?" अण्णा म्हणतात. "लोक मला नेतात, मी जातो. जिता होतो तवा पण तसंच होतं. तू नेलंस नाय मला."

"तोंड नव्हतं मला."

अण्णा खिशातून तंबाखूची डबी काढतात, उघडतात. आत तंबाखू नाही, खडू आहे. ते खडूचा तुकडा हातात धरून उठतात आणि फळ्याकडे वळतात.

फळा आहे. ही शाळा आहे, बेटावरची, दहावीच्या वर्गाची खोली, जिच्या भिंतीसाठी अण्णांनी डोक्यावर चिरे वाहिले होते. लाँचीच्या फळ्या आता बाकं झाल्या आहेत. बाकांवर सगळं बेट बसलंय, म्हातारे, बायका, प्रमोद पहिल्या बाकावर. छताला दिवा आहे, अण्णांनी आणलेला तो पहिला विजेचा दिवा. तो त्यांनी आधी स्वतःच्या आळीत लावला होता आणि कोणी कुरकुरलं तर म्हणायचे, इतके दिवस अंधारात शिव्या देत होता, आता उजेडात द्या.

अण्णांचं भाषण चालू आहे. गोमाजीला ते पाठ आहे, बेटावर प्रत्येकाला पाठ आहे. छत्तीस वर्षांच्या राजकारणात अण्णांनी सव्वीस वर्षं सरपंचकी केली, दोनदा जिल्हा परिषदेत गेले, आणि प्रत्येक सभेत हीच गोष्ट सांगितली.

"मी सातवीला होतो," अण्णा सांगतात. "फायनलची परीक्षा पलीकडं, खोरबंदरला. नवी पाटी, नवी चड्डी, आईनं डोस्क्याला तेल थापलेलं. आणि त्याच पहाटे बेटाचा म्होरक्या मेला. तीन दिवस होड्यांना पातं. मी तीन दिवस वाळूत उभा. चौथ्या दिवशी होडी सुटली तवा परीक्षा संपली होती. माझी सातवी एका मेलेल्या माणसानं खाल्ली, आणि त्याला साधा ढेकर पण आला नाय."

सगळी बाकं हसतात. दरवेळी इथेच हसतात. बायका पदर तोंडाला लावतात, म्हातारे गुडघ्यावर थाप मारतात. मग अण्णा बोट वर करतात आणि पुढचं वाक्य सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं: वादळ असलं तर लाँच थांबेल, माणूस मेला म्हणून नाही. ग्रामसभेचा ठराव आहे तो. लाँच आली त्याच महिन्यात हात वर करून सगळ्यांनी केलेला.

गोमाजीही म्हणतो. मोठ्याने म्हणतो, टाळ्या वाजवतो. वाजवता वाजवता त्याच्या लक्षात येतं की टाळ्यांचा आवाज सळसळीसारखा येतोय. तो शेजारी बघतो. प्रत्येकाच्या हातात झावळीचं पातं आहे. प्रमोदच्या हातात आहे, पारूआत्येच्या हातात आहे. सगळे हसताहेत, रडताहेत, पाती हलवताहेत आणि तोंडाने ठराव म्हणताहेत. गोमाजी स्वतःचे हात बघत नाही. बघायची गरजच नसते.

"चल," अण्णा म्हणतात. "सोमवार हाय."

वर्गाच्या दाराबाहेर कचेरीचा व्हरांडा आहे. लांबच लांब, जिल्ह्याच्या ठिकाणचा, आणि फरशीवर घोट्याएवढं खारं पाणी. दोन्ही बाजूंना दारं, प्रत्येक दाराशी स्टुलावर एकेक शिपाई झोपलेला. अण्णा पाण्यातून चालतात, मागून गोमाजी सुक्या बोंबलांची टोपली घेऊन. खरोखरीही तो एकदा असाच आला होता. लाँचीसाठी अण्णा बारा वर्षं दर सोमवारी या व्हरांड्यात येऊन बसले. साहेब नऊ बदलले, बाक एकच राहिला. टोपली मुद्दाम आणायचे. लाच म्हणून नाही, विकायला म्हणून. बाजार उरकला की उरलेले बोंबील घेऊन इथे यायचे आणि पंख्याखाली बसायचे. शेवटच्या साहेबांनी मंजुरीवर सही केली ती बेटाच्या कळवळ्याने की त्या वासाने, यावर बेटावर अजून एकमत नाही.

लाँच आली तेव्हा तीन आळ्यांनी तीन देवींची नावं सुचवली आणि प्रकरण हातघाईवर आलं. अण्णांनी रंगाचा डबा मागवला आणि भल्या पहाटे नाळेवर डाव्या हाताने लिहून टाकलं: रोज. कसलं हे नाव, म्हणून लोकांनी कपाळाला हात लावला. अण्णा म्हणाले, देवी आपल्या जागी राहू दे, लाँचीनं काय करायचं ते तिच्या तोंडावर लिहिलेलं बरं.

"दमलास?" अण्णा बाकावर बसत विचारतात.

"नाय."

"मी दमायचो. कुणाला बोललो नाय कधी. इथनं परत निघालो की शेवटची होडी गेलेली असायची. धर्मशाळेत पडायचो. बायको म्हणायची, बेटाला पाणी आणलंस, घराला कधी येशील? ती मेली तवा पण मी ह्याच बाकावर होतो, गोम्या. सांगावा आला तवा भरती नव्हती."

गोमाजीला हे माहीत आहे आणि माहीत नाही. बायको गेली तेव्हा अण्णा बेटावर नव्हते, हे बेटावर कुजबुजीत बोललं जायचं. खुद्द अण्णांनी कधी उच्चार केला नव्हता. तो त्यांच्या शेजारी बसतो. दोघांच्याही बायका गेलेल्या, दोघांची घरं रिकामी. पहिल्या फेरीला इंजनापाशी इतकी वर्षं ते याच गोष्टीला धरून बसत असतील आणि तिच्याविषयी कधीच बोलले नसतील, असं त्याच्या मनात येतं. त्याला फार एकटं वाटतं, शेजारी अण्णा असूनसुद्धा, आणि त्याला रडावंसं वाटतं.

पाणी वाढतं. घोट्यावरून पोटरीवर येतं. व्हरांड्याच्या टोकाला उजेड दिसतो, राखाडी, पहाटेचा. गोमाजी तो उजेड ओळखतो.

"तिकडं नको, अण्णा."

"माझी फेरी हाय ती. चुकवून कसं चालंल?"

टोकाला धक्का आहे. गेल्या वर्षीची ती पहाट. बेटावरून बायकांचं रडणं ऐकू येतंय. लाँचीच्या नाळेपाशी एक माणूस पाठमोरा वाकून पातं बांधतोय. गोमाजीला स्वतःची पाठ इतकी म्हातारी झालेली कधी दिसली नव्हती.

पायऱ्यांवरून दीक्षिता उतरते. दोन वेण्या, हातात पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, आत प्रवेशपत्र आणि दोन पेनं. ती वाकलेल्या माणसाजवळ जाऊन उभी राहते. तो तिच्याकडे वळत नाही.

"काका, पेपर आहे."

"आज लाँच बंद. अण्णा गेलेत."

एवढंच. ती तिथे थोडा वेळ उभी राहते. रडत नाही, अण्णांचीच गोष्ट सांगून अडवत नाही, ठरावाचं बोलत नाही. ती पिशवी नीट दुमडते आणि म्हणते, "बरं काका." मग पायऱ्या चढून परत जाते. वर पोहोचल्यावर एकदा पाण्याकडे बघते.

अण्णा हे सगळं गोमाजीच्या शेजारी उभं राहून बघतात.

"ह्या वेळेला मी कुठं होतो?" ते विचारतात.

"घरात. पडवीत ठेवलं होतं. मुंबईची माणसं यायची होती, दुपारी नेलं."

"म्हणजे मी कुठं पळून चाललो नव्हतो."

"नाय."

"जाऊन येऊन तास लागतो लाँचीला. माझा काय जीव अडकला होता काय? तो तर गेलावता."

गोमाजीला हसू येत नाही. वर्षभर जे कोणालाच सांगितलं नाही ते तो आता सांगून टाकतो.

"गावाला भिऊन नाय थांबलो, अण्णा. कुणी पातं आणून पण दिलं नव्हतं मला. मीच तोडलं, मीच बांधलं. ठराव माझ्या ध्यानात होता. समदं ध्यानात होतं. पण मी इंजनापाशी आलो आणि तुमची जागा दिसली. ती रिकामी जागा घेऊन मला पलीकडं जायाचं नव्हतं. पंचवीस मिनिटं मी कुणाशी बोलणार होतो? म्हणून बांधलं पातं. पोरगी आली तवा मी तिचं तोंड पण बघितलं नाय."

बायकांचं रडणं थांबतं. धक्क्यावर आता कोणीच नाही, नाळेपाशी वाकलेला माणूसही नाही. गोमाजी वाट बघतो. अण्णांनी शिवी द्यावी, असं त्याला वाटतं. अण्णांच्या शिव्या बेटावर प्रसिद्ध होत्या आणि त्या खाल्लेला माणूस हलका होऊन घरी जायचा.

अण्णा शिवी देत नाहीत. ते लाँचीत उतरतात, आपल्या जागेपाशी जातात आणि तिच्यावरचं सुकलेलं झेंडूचं फूल उचलून पाण्यात टाकतात.

"मग तिला बसवायची होतीस इथं," ते म्हणतात.

गोमाजी त्या जागेकडे बघतो.

"जागा रिकामी दिसत होती ना तुला? पोरगी उभी होती ना? मग? तुला काय बोलायला माणूस मिळालं असतं, तिला पेपर मिळाला असता. इतकं सोपं होतं, येड्या. बावीस वरसं इंजनाजवळ बसून काय शिकलास तू?"

"अण्णा, उद्या..."

"उद्याचं मला काय सांगतोस? उद्या माझा हार-तुरा हाय, मला गडबड असंल." ते खिळ्याकडे हात नेतात आणि गाठ न सोडवताच एकेक चप्पल अलगद खाली ओढून काढतात. "हे इथंच राहू दे. लागंल कुणाला तरी."

"जाऊ नका."

"पाणी आलं रं," अण्णा म्हणतात. चपला हातात घेऊन ते दुसऱ्या बाजूने उतरतात, जिथे पायरी नाही. गाळावरून अनवाणी चालायला लागतात, खोरबंदरच्या दिशेने. त्यांची पावलं उमटतात आणि प्रत्येक पावलात पाणी भरत जातं. मग पाऊल कुठलं आणि पाणी कुठलं ते कळेनासं होतं, आणि खालून काहीतरी लाँचीला हळूच उचलतं.

लाँच उचलली गेली तसा गोमाजीला धक्का बसतो आणि तो उठून बसतो. ऊन सरकून तोंडावर आलं आहे. भरती लागली आहे, गाळ दिसेनासा झालाय, तळाच्या फळ्यांखाली पाणी चुबुकचुबुक करतंय. त्याची मान अवघडली आहे आणि गाल ओले आहेत. घाम असेल, असं तो स्वतःला सांगतो. मग ते सांगणं सोडून देतो.

काहीतरी कमी आहे. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात येतं की सळसळ नाही.

तो नाळेकडे जातो. नाळ मोकळी आहे. 'रोज'मधला मोठा वाकडा 'ज' उन्हात चमकतोय आणि त्याच्या वर, जिथे दुपारी पातं आवळलं होतं, तिथे रंगावर हिरवट डाग राहिला आहे. वाऱ्याने उडालं असेल म्हणून तो पाण्यात बघतो, धक्क्यावर बघतो. मग मागे वळतो.

पातं इंजनाच्या पेटीवर आहे, खिळ्याला टांगलेलं. दोन पाती वळून केलेला फास, खाली रिकामा. गोमाजी त्यात चार बोटं घालतो. चपलांची एक जोडी बसेल एवढी जागा आहे. गाठ उलट्या पिळाची.

झोपेत आपणच उठलो असू, असं त्याला वाटतं. माणूस झोपेत काय काय करतो. तो गाठ सोडवायला जातो. बोटं सवयीने उजवीकडे वळतात आणि गाठ अधिकच आवळते. दोनदा तसंच होतं. तिसऱ्यांदा तो हात मागे घेतो. खिळ्याखालची जागा रिकामी आहे, तिच्यावरचं कालचं झेंडूचं फूलही कुठे दिसत नाही. गोमाजी खांद्यावरचा पंचा काढतो आणि ती फळी पुसून घेतो.

प्रमोदला संध्याकाळी सांगावं लागेल. तो चिडेल, मग रडेल. चार माणसं म्हणतील, गोमाजीला अण्णांची किंमत नाही. म्हणोत. ठराव ग्रामसभेच्या वहीत आहे, वही पंचायतीच्या कपाटात आहे, आणि वाचून दाखवायची वेळ आली तर आपल्याला नीट वाचता येतं. पुतळ्याला हार घालायला पहिल्या फेरीनंतर पुष्कळ वेळ आहे.

चार वाजता दीक्षिता पायऱ्या उतरून येते. वर्षात उंच झाली आहे, किंवा वाळली आहे. गोमाजी पुडकं तिच्या हातात देतो. ती ते बघते, गोळ्यांची नावं वाचते, मग मोकळ्या नाळेकडे बघते आणि बघतच राहते. विचारत मात्र काही नाही.

"उद्या साडेसहाला ये, पहिल्या फेरीला," गोमाजी म्हणतो.

ती त्याच्याकडे बघते. या वेळी तोही बघतो.

"उद्या बंद आहे ना, काका? सरपंच सांगून गेले घरी."

"त्याला मी सांगतो. तू ये. पेपर झाला की धक्क्यावरच थांब, परत आणतो. आणि हितं बसायचं, इंजनापाशी."

"तिथं अण्णा बसायचे."

"म्हणूनच सांगतोय."

दीक्षिता पुढे येऊन त्या जागेकडे बघते. पुसलेली फळी अजून ओली आहे. खाली, फळ्यांच्या फटीतून, तळातलं पाणी वर येतंय.

"इथं पाय भिजतात ना पण?" ती विचारते. "पेपरला ओल्या चपला..."

"चपला काढायच्या आणि वर टांगायच्या." गोमाजी खिळ्याकडे बोट करतो. "त्याला सोय हाय. फक्त गाठ सोडवायला जाऊ नको."

ती खिळ्याकडे बघते, फासात एक बोट घालून बघते आणि पुडकं छातीशी धरते.

"बरं काका," ती म्हणते.